चाल कोणाची, शब्द कोणाचे?

नगरला आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्या घरातल्या आजी वारल्या तेव्हा मी आठवी-नववीत होतो. प्रेत अंगणात ठेवले होते. पाच-सहा माणसे टाळ घेऊन बसली, एकाने पेटी पुढे ओढली आणि गाणे सुरू झाले. माझी आई दारात उभी होती. आमचे घर माळकरी, आषाढीला पंढरीची वाट धरणारे. दोन कडवी होईपर्यंत आईचे ओठ हलू लागले, हात आपोआप टाळी धरू लागले, डोळे वाहू लागले. ध्रुपदात प्रभू येशूचे नाव आले तेव्हा ती क्षणभर थांबली आणि पुन्हा टाळी धरली. रात्री मी तिला विचारले, "तू त्यांच्या देवाचे गाणे कसे काय म्हणत होतीस?" ती म्हणाली, "शब्द त्यांचे होते रे, पण चाल आपलीच होती. मग रडू यायला काय हरकत?"

त्या उत्तराने मला पुढची अनेक वर्षे कामाला लावले. मी संगीताचा पदवीधर नाही आणि इतिहासाचाही नाही. नोकरी सांभाळून रद्दीच्या दुकानांतून आणि मंडळींच्या जुन्या कपाटांतून गीतपुस्तके गोळा करणे, ती वाचणे आणि जाणत्यांकडून चाली समजून घेणे, एवढेच माझे शिक्षण. प्रश्न मात्र आईने दिलेलाच राहिला. गाणे ऐकणाऱ्याच्या मनावर परिणाम करते ते शब्दांनी की चालीने? आणि देवाचे गाणे व दुनियेचे गाणे यांच्यात जी भिंत आपण मानतो, ती चालीला ठाऊक असते का?

जुने भांडण

हा वाद आपल्याकडचा नाही, तसा नवाही नाही. 1601 साली हान्स लिओ हासलर या जर्मन संगीतकाराने एक प्रेमगीत प्रसिद्ध केले. एका मुलीपायी मन कसे गोंधळून गेले आहे, असा त्याचा विषय. बारा वर्षांनी तीच चाल मरणाची ओढ सांगणाऱ्या एका धर्मगीताला लागली. 1656 मध्ये पाउल गेरहार्ट याने काटेरी मुकुट घातलेल्या येशूच्या मस्तकाला उद्देशून लिहिलेले गीत त्याच चालीवर बसले. 1727 मध्ये बाखने 'सेंट मॅथ्यू पॅशन'मध्ये ही चाल पुन्हा पुन्हा आणली, आणि आज ती ऐकताना प्रेमगीत कोणाच्याही मनात येत नाही. सव्वाशे वर्षांत चालीचा जुना अर्थ पूर्ण पुसला गेला.

एकोणिसाव्या शतकात विल्यम बूथ यांच्या सॅल्व्हेशन आर्मीने, म्हणजे मुक्तिफौजेने, हेच काम उघडपणे आणि घाऊक प्रमाणात केले. लंडनच्या करमणूकगृहांत 'शँपेन चार्ली' हे दारूबाज छेलछबिल्याचे गाणे गाजत होते. त्याच्या चालीवर फौजेने देवाच्या उपकाराचे गीत रचले. हिशेब सरळ होता. ज्या माणसाने प्रार्थनामंदिराची पायरी कधी चढली नाही, त्याला मंदिरातली चाल परकी वाटते. गुत्त्यातली चाल त्याला पाठ असते. प्रतिष्ठित मंडळींना हे पटले नाही. चालीबरोबर गुत्ताही आत येईल, अशी त्यांना भीती होती.

ही फौज सप्टेंबर 1882 मध्ये मुंबईत उतरली. फ्रेडरिक टकर हे सनदी नोकरी सोडलेले गृहस्थ तिचे पुढारी. अवघी चार माणसे. त्यांनी भगवी वस्त्रे घेतली, टकर यांनी 'फकीरसिंग' असे नाव घेतले आणि वाजतगाजत रस्त्यावरून निघाले. मुंबईच्या पोलिसांनी त्यांना अडवले आणि पकडले. पुढे 1883 मध्ये टकर यांना महिनाभराची कैदही झाली. गोऱ्या ख्रिस्ती सरकारने गोऱ्या ख्रिस्ती प्रचारकांना गाण्या-वाजवण्याच्या मिरवणुकीवरून तुरुंगात टाकावे, आणि केशवचंद्र सेन यांच्यासारख्या ब्राह्मो नेत्याने त्यांची बाजू घ्यावी, हा प्रसंग मोठा बोलका आहे. व्याख्यानाने दंगा होईल असे सरकारला वाटले नाही, तशी भीती वाटली ती ढोल-तुतारीची.

गोव्यातली ओवी

गाण्याची भीती राज्यकर्त्यांना त्याआधीही होती. गोव्यात पोर्तुगिजांनी देवळे पाडली, पोथ्या आणि पुराणश्रवण बंद केले. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांपुढे अडचण उभी राहिली. संध्याकाळी एकत्र बसून ऐकायचे काय? थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला. त्याच्या 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभीच एक माणूस पाद्रींना ही अडचण सांगतो. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्या जागी दुसरे काही का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. माझ्या मते ख्रिस्ती मराठी साहित्याचा सगळा इतिहास या एका विचारण्यात सामावला आहे. धर्म बदलता येतो, पण कानाची भूक तशीच राहते.

स्टीफन्सने ती भूक ओळखली. 1616 मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. भाषा मराठी, आणि वळण आपल्या संतांच्या ग्रंथांचे. लिपी तेवढी रोमन, कारण देवनागरीचे खिळे गोव्यात नव्हते. उपासकाळात चर्चमध्ये आणि घरोघर हे पुराण गाऊन वाचले जाई. पहिल्या चाळीस वर्षांतच त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. अर्थात पोर्तुगीज सत्तेचे धोरण पुढे उलटे फिरले. 1684 मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. 1736 मध्ये इन्क्विझिशनने लग्नघरातल्या ओव्यांनाही मनाई केली. हळद दळताना, नवरीला न्हाऊ घालताना बायका जे गातात त्यावर धर्मन्यायालयाने बंदी घालावी! त्या ओव्यांत कोणत्या देवाचे नाव आहे एवढ्यावर धर्मन्यायालयाचे समाधान नव्हते. ती लकेर तोंडात राहिली तर जुने घर मनात राहील, हे त्यांनी नेमके हेरले होते. बंदी घालणाऱ्यांना गाण्याची ताकद कधीकधी गाणाऱ्यांपेक्षा जास्त कळते.

नगरची गोष्ट

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये त्यांनी अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) ठाणे केले. उपासनेत गायन हवेच. म्हणून इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे झाली आणि ती विलायती चालींवर गाऊ लागले. भाषांतर करणाऱ्यांची तळमळ खरी होती, पण भाषेने साथ दिली नाही. त्याचे कारण तांत्रिक आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

इंग्रजी गीत आघातावर चालते. त्यांच्या सर्वांत रूढ रचनेत आठ, सहा, आठ, सहा अवयवांच्या ओळी असतात आणि एकाआड एक अवयवावर जोर पडतो. चालही त्या जोराच्या जागी लांबते. मराठी शब्दाला असा ठरीव आघात नाही. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आहे. तेव्हा विलायती चाल जिथे लांबते तिथे मराठीतला ऱ्हस्व स्वर आला की अर्थच हलतो. 'सुत' म्हणजे मुलगा. चालीच्या ओढीने 'सूत' झाला की धागा होतो. 'दिन' लांबला की 'दीन' होतो. अभंगातही गाताना स्वर लांबतात हे खरे, पण त्या लांबवण्याच्या जागा मराठी कानाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतात. परक्या चालीत शब्द ओळखू येईपर्यंत ओळ संपते. शब्द समजत नाही तिथे भाव कुठून येणार? खेड्यातून आलेला माणूस रविवारी हे गाणे आज्ञाधारकपणे गाई. शेतात मोट हाकताना त्याच्या तोंडी मात्र जुनेच गाणे येई.

हे सर्वांत आधी ओळखले ते इथल्याच ख्रिस्ती मंडळींनी. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कीर्तनाचा साचा तयार होताच. आधी नमन, मूळ पद आणि त्याचे निरूपण असा पूर्वरंग, मध्ये गजर, मग उत्तररंगात आख्यान. आख्यानात ध्रुव-प्रल्हादाच्या जागी बायबलातली गोष्ट आली. बापाकडून वाटणी घेऊन गेलेला, सगळे उधळून डुकरे राखण्याची पाळी आलेला आणि शेवटी घरी परतणारा उधळ्या पुत्र आख्यानाला किती सोयीचा आहे, हे कीर्तन ऐकणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. साक्या, दिंड्या, आर्या, कटाव, सगळे त्यात बसले. व्याख्यानाला पाच माणसे जमत नसत अशा गावी कीर्तनाला चावडी भरत असे.

टिळकांचा डाव

या वाटेवर नारायण वामन टिळक आले आणि त्यांनी या गाण्याला कवीचे सामर्थ्य दिले. 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्म, नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृतचे अध्ययन, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा. त्यानंतर त्यांच्या संसाराची काय परवड झाली, हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त असे लिहून ठेवले आहे की त्यावर मी काही बोलू नये. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या.

टिळकांना एक गोष्ट सलत होती. ख्रिस्ती झालेला मराठी माणूस गावाला परका होतो. त्याचे नाव बदलते, पोशाख बदलतो, आणि गाणे बदलले की तो उरलासुरलाही परका होतो. शेजाऱ्याच्या कानाला तो साहेबाचा माणूस वाटू लागतो. टिळकांची भूमिका याच्या नेमकी उलट होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मग त्यांनी तो पूल गाण्यातही शाबूत ठेवला. अभंग, ओव्या, पदे, आरत्यांच्या वळणाची गीते त्यांनी शेकड्यांनी लिहिली. त्यांत येशू माउली होतो, सखा होतो, गुरू होतो. अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या चालीत हे शब्द इतके सहज बसतात, की हे नाते चालीनेच जुळवून दिले असे वाटते. मराठी मंडळींच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात आजही टिळकांचा वाटा फार मोठा आहे.

इथे एक सूक्ष्म गोष्ट घडते. अभंगाची चाल ही रिकामी थैली नव्हे. तिच्यात आधीच काही भरलेले असते: वाट पाहणे, आळवणी, देवाशी केलेली सलगी, प्रसंगी भांडण. इंग्रजी गीतातला देव राजा किंवा न्यायाधीश असला, तरी अभंगात उतरला की त्याला विटेवरच्या देवासारखे जवळ यावे लागते. म्हणजे टिळकांनी चालीला नवे शब्द दिले, आणि चालीने त्या शब्दांतल्या देवाचा स्वभाव थोडा बदलला. गाणाऱ्याच्या विचारावर परिणाम झाला तो या दोन्हींचा.

दोन्हीकडून टीका होणे अपरिहार्य होते. टाळ-मृदंग आणि अभंग म्हणजे मागच्या दाराने जुना धर्म आत आणणे, असे अनेक ख्रिस्त्यांना वाटे. जे जातीच्या जाचातून सुटून आले होते, त्यांना तर या चालींत जुन्या गावकुसाची आठवण होई. विलायती गीत गाताना निदान कोणी वरखाली नव्हते. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. टिळकांना परंपरा प्रिय होती, कारण परंपरेच्या घरात त्यांना ओसरी मिळाली होती. ज्याला अंगणातही येऊ दिले नव्हते त्याने तीच चाल आनंदाने का गावी? दुसरीकडे हिंदूंना हा प्रकार गळाला आमिष लावल्यासारखा वाटे. आपले ताट घेऊन त्यात परके अन्न वाढले, असा त्यांचा रोष होता.

टिळक मात्र पुढेच जात राहिले. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळे ख्रिस्तशिष्य त्यांना त्यात हवे होते. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी ते गेले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिले. सुरुवातीचे सुमारे दहा अध्याय टिळकांचे, पुढचे साठाहून अधिक लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेत न गेलेल्या बाईला एवढी ओवी कुठून आली, याचे उत्तर जात्याजवळच शोधावे लागेल.

याच टिळकांना मराठी शाळांनी 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शिकताना आम्हा मुलांना कवीचा धर्म माहीत नव्हता, आणि जखमी पक्षिणीसाठी गळा दाटून यायला तो माहीत असण्याची गरजही पडली नाही. त्यांच्या देवाच्या गीतांतली करुणा आणि या कवितेतली करुणा एकाच झऱ्याची. एक गीत मंडळीच्या पुस्तकात गेले, दुसरे सरकारी क्रमिक पुस्तकात. आम्ही त्यांना धार्मिक आणि ऐहिक अशी नावे दिली.

उलटा प्रवाह

आतापर्यंत दुनियेची चाल देवळात कशी गेली ते पाहिले. देवळातून दुनियेत आलेलेही कमी नाही. पेटीचेच पाहा. पायाने भाता दाबायचे हार्मोनियम फ्रान्समध्ये 1842 च्या सुमारास तयार झाले. लहान प्रार्थनामंदिरांना मोठा ऑर्गन परवडत नसे, त्यांची त्याने सोय झाली. पाद्री आणि साहेबलोक ते इकडे घेऊन आले. पुढे कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याला हाताचा भाता दिला आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गायकाची सोय झाली. संगीत नाटकाने पेटी-ऑर्गन उचलले, कीर्तनकारांनी उचलले, दिंडीतल्या भजनी मंडळाने उचलले. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये परदेशी आणि बेसूर म्हणून तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. पण गावच्या देवळात कोणी पेटी बंद केली नाही. माझ्या आईला पेटी परकी आहे हे सांगितले असते, तर तिने मला वेड्यात काढले असते.

गोव्याचे उदाहरण याहून मोठे. पोर्तुगीज काळात चर्चला जोडून ज्या शाळा चालत, तिथे मेस्त मुलांना सुरांची लिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवी. हेतू हा की मिस्साला आणि लदिनीला गाणारे-वाजवणारे मिळावेत. ओळीतल्या मुलांना ओल्याने वळ उठेपर्यंत स्वरलिपी घोकवली जाई, असे जुने वादक सांगत. हीच मुले पुढे पोटासाठी मुंबईला आली, हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि तिथून सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा करीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चच्या गायनाचे मास्तर होते. त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 'अमर अकबर अँथनी'तले अँथनीचे ते प्रसिद्ध गाणे या गुरूच्या नावावरून आले. ज्या सुरावटींवर आपल्या दोन पिढ्यांनी प्रेम केले आणि विरह भोगला, त्यांच्या मागचे वाद्यमेळाचे ज्ञान बऱ्याच अंशी चर्चच्या ओसरीवर शिकवलेले होते. ते ऐकून कोणी ख्रिस्ती झाले नाही. पण आपला कान बदलला, आणि दुःख व्यक्त करायला एकाच वेळी वीस व्हायोलिने लागतात अशी आपली समजूत झाली, हाही विचारांवरचाच परिणाम.

मग परिणाम होतो तो कसला?

एवढे सगळे पाहिल्यावर मला तीन गोष्टी पटतात. पहिली, गाणे मत बदलते हा दावा फुगवलेला आहे. ख्रिस्ती कीर्तनाला भरलेली चावडी रात्री आपापल्या देवाला नमस्कार करूनच झोपे. ज्यांनी धर्म बदलला त्यांच्यामागे दुष्काळ होते, जातीचा जाच होता, शाळा होत्या, दवाखाने होते, आणि टिळकांसारख्यांच्या बाबतीत दीर्घ वाचन होते. एका अभंगाने हे झाले असे म्हणणे अभंगावर आणि माणसांवर सारखाच अन्याय करणारे आहे.

दुसरी, गाणे मत बदलत नसले तरी परकेपणा कमी करते, आणि हे काम लहान नाही. 'त्यांचा' देव 'आपल्या' चालीत ऐकलेला माणूस त्या देवाचा भक्त होईलच असे नाही, पण त्या शेजाऱ्याला साहेबाचा माणूस म्हणणे त्याला जड जाते. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाची चाल घेऊन नवा विचार गावोगाव नेला, त्यामागेही हेच शहाणपण होते. शब्द डोक्याला आव्हान देतात तेव्हा चाल हात धरून बसवून ठेवते.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. जी चाल जवळ आणते तीच दूरही ठेवू शकते. मिरवणुकीत कोणाच्या दारापुढे कोणते गाणे मुद्दाम मोठ्याने वाजवायचे, हे ठरवणारे लोक आज आपल्याभोवती आहेत. 1882 च्या पोलिसांना जी भीती वाटली ती सर्वस्वी खोटी नव्हती. फरक ऐकणाऱ्याला आत बोलावण्यासाठी गाणे आहे की त्याला बजावण्यासाठी, यात पडतो. शब्द दोन्हीकडे देवाचेच असतात.

हल्ली नगरच्या मंडळींत तरुण मुले गिटार आणि कीबोर्डवर गातात, चाली पुन्हा परदेशी आहेत, आणि टिळकांची गीते म्हातारे लोक आणि प्रेतयात्रा यांच्यापुरती उरतात की काय, अशी काळजी तिथले वडीलधारे बोलून दाखवतात. आमच्याकडच्या सप्ताहातही सिनेमाच्या चालीवर हरिपाठ ऐकू येतो आणि आमचे बुवा तीच काळजी करतात. मी दोघांनाही हासलरची गोष्ट सांगतो. चालीचा जुना अर्थ पुसायला वेळ लागतो, पण पुसला जातो. गिटारवर गाणाऱ्या त्या मुलांसाठी ती चाल परदेशी नाहीच. ती त्यांच्या मोबाइलमध्ये, म्हणजे त्यांच्या घरातच वाढलेली आहे. प्रश्न एवढाच की शेजारच्या दारात उभ्या असलेल्या बाईला त्या चालीवर टाळी धरता येईल का?

आई जाऊन अकरा वर्षे झाली. तिच्या तेराव्याला भजन झाले तेव्हा शेजारच्या त्या घरातले आजोबा काठी टेकत आले आणि शेवटपर्यंत बसले. अभंग सगळे विठ्ठलाचे होते. आजोबा डोळे मिटून टाळी धरत होते. त्यांना मी काही विचारले नाही.